गंगेवर दिलेला शब्द

देवाची कृपा, देवाची लीला असले शब्द कोणी माझ्यासमोर काढले की तळपायाची आग मस्तकात जाते. तरीही हा अनुभव लिहिते आहे, कारण तो मला आला आणि आता गिळून बसणं जमत नाही. माझे यजमान आमच्या शहरातल्या द्वारका चौकात स्कूटरवरून जाताना ट्रकखाली गेले. ज्या माणसानं जन्मात कधी सिग्नल तोडला नाही, त्याला सिग्नल तोडणाऱ्यानं चिरडलं. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा दिसला की हे पाय टेकवून उभे. मी मागून म्हणायची, "अहो, चला की! इथं काय आरती करायची आहे का?" ते हसायचे, पण हलायचे नाहीत. ते गेले तशी मी देवघरातली समई उचलून माळ्यावर टाकली. लेकीला सांगितलं, या घरात आता दिवा लागणार नाही.

दहाव्याला सगळे गंगेवर जमलो; आमच्या शहरातल्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कठड्यावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. दीर पुढे झाले, "दादा, मुलीचं शिक्षण मी बघतो." कावळे ढिम्म. नणंद रडत म्हणाली, "वहिनीला आम्ही अंतर देणार नाही." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं, गुरुजी दर्भाचा कावळा करू म्हणाले, लोक चुळबुळ करू लागले. यांचा जीव कशात अडकलाय हे मला, त्यांच्या बायकोलाच, कळत नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागे उभी असलेली एक अनवाणी म्हातारी पुढे आली. दिंडोरीकडच्या खेड्यातली, त्या ट्रक चालवणाऱ्याची आई. तिनं तसं सांगताच दीर तिच्या अंगावर धावून गेले. ती मागे सरली नाही. पिंडापुढे हात जोडून म्हणाली, "बाबा, लाल सिग्नल माझ्या पोरानं तोडला. त्यानं मला समदं सांगितलंय. मालक काय बी पढवू दे, कोर्टात त्यो हेच सांगंल. माझा शब्द हाय तुला." कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. त्याला भूक लागली असेल, असं मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणेन. म्हातारीशी मात्र मी एक अक्षर बोलले नाही.

पुढे आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला. ट्रकच्या विमा कंपनीनं लेखी उत्तर दिलं की सिग्नल यांनीच तोडला, चूक मयताची. मयताची! चौकातला कॅमेरा बंद होता आणि बघणारा एकही माणूस साक्षीला तयार नव्हता. मला पैशाआधी ते वाक्य खोडून हवं होतं. बाप स्वतःच्या चुकीनं मेला, असं लेकीनं मोठी होऊन कोर्टाच्या कागदावर वाचायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी कंपनीनं त्या ट्रकचालकालाच साक्षीला आणलं, तेव्हा आमचे वकील म्हणाले, "ताई, आशा धरू नका. खरं बोलला तर फौजदारी खटल्यात तोच अडकेल. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेतो?"

त्यानं पाडून घेतला. ट्रकचा मालक समोर बसलेला असताना मान खाली घालून म्हणाला, "सिग्नल मला लाल होता. मी थांबलो नाय. त्यांची काय बी चूक नव्हती." कंपनीचे वकील खेकसले, हे तुला कोणी शिकवलं? तो म्हणाला, "आईनं गंगेवर शब्द दिलाय." दावा आमच्या बाजूनं लागला आणि तो शिक्षा भोगायला आत गेला. साक्षीच्या दिवशी म्हातारी कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारून तशीच निघून आले. तिचा मुलगा तुरुंगात का होईना, असणार होता. माझ्या घरातली खुर्ची रिकामीच राहणार होती.

तो सुटून आला आणि थोड्याच दिवसांत म्हातारी गेली. तिच्या दहाव्याला गंगेवरून त्याचा फोन आला. "ताई, कावळा शिवत नाय. समदं बोलून झालं. तुम्ही येता का?" माझा संताप संताप झाला. आता माझ्याकडून माफी उकळतोस का, असं अगदी तोंडावर आलं होतं. तरी चपला पायात सरकवल्या आणि रिक्षा केली. का, ते मला अजून सांगता येत नाही. तिथं लोकांनी वाट करून दिली. 'माफ केलं' म्हणून टाकावं असं वाटलं, पण जीभ रेटेना. ज्या जागी ती स्वतःच्या पोराविरुद्ध खरं बोलली, तिथं मी खोटं कसं बोलू? मी म्हणाले, "आजी, मी त्याला माफ केलेलं नाही. कधी जमेल असंही वाटत नाही. पण रोज सकाळी उठून त्याला शाप देते, तो उद्यापासून देणार नाही."

कावळा उतरला. तेवढ्यावर ती माऊली गेली.

शरण जायचं म्हणजे सगळं गोड मानून घ्यायचं, अशी माझी समजूत होती. तसं नसावं. आपल्याजवळ जेवढं खरं आहे तेवढं पुढे ठेवायचं, आणि ते पुरेल की नाही हे देवावर सोडायचं. एवढं त्या बाईनं मला शिकवलं आणि तिचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. घरी येऊन मी माळ्यावरची समई काढली, चिंचेनं घासली आणि देवघरात लावली. लेक बघतच राहिली. "आई, देवाशी मिटलं तुझं?"

म्हटलं, "नाही गं. हा दिवा त्या आजीचा. देवानं तो सांभाळावा, एवढंच."