अजानच्या वेळचा गोल

ये गं तेजू, जवळ ये. समोर नाहीस म्हणून कागदावरूनच हाक मारते. नोकरीला कतारला परत आलीस, दुखानला कंपनीचं घर मिळालं, म्हणून खालाला विसरायचं असतं का? कॉलेजात जुन्या हेड कोचांचा सत्कार आहे, नावांचा बोर्ड लागलाय आणि त्यावर तुझ्या बाबांचं नाव नाही, हे सांगायला मी फोन केला. तर तू फटकन म्हणालीस, "जाऊ दे ना खाला. ही लॉस्ट द फायनल. हरलेल्या कोचला कोण बोलावतं?" परक्या कुणी असं म्हटलं असतं तर मी फोन आपटला असता. तू म्हणालीस, म्हणून लिहायला बसले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला देणार आहे. चार लोकांनी वाचलं तर वाचू दे.

तुझे बाबा, म्हणजे आमचे सर, मैदानावर फक्त कोल्हापुरीत ओरडायचे. टीममध्ये मलबारी, इजिप्तचे मिसरी, फिलिपिनो, एकाला मराठीचा गंध नाही. कॉलेजचा सगळा कारभार इंग्रजीत, पण लाईनच्या आत पाय पडला की "आरं मार की लेका! बघत काय हुबारलाईस!" आणि पोरं मारायची, बरोबर तिकडेच मारायची. गोलकीपर उस्मान सुदानचा, ताडासारखा उंच. चेंडू अडवला की तो आपणच ओरडायचा, "नाद खुळा!" मी एकदा विचारलं, "सर, यांना कळतं तरी का काही?" म्हणाले, "वैनी, शिवी कळती तर कौतुक कळायला काय झालंय?" अख्ख्या कतारमध्ये मला वैनी म्हणणारा तो एकच माणूस. बाकीच्यांची मी भाभी, आंटी, नाहीतर मॅडम.

तुझे खालू, म्हणजे आमचे हे, कॉलेजच्या स्टोअरमध्ये. जाळ्या, बॉल, जर्सी सगळं त्यांच्या ताब्यात. मदिनत खलीफातलं आमचं घर मैदानाच्या इतकं जवळ, की गोल झाला ते किचनमध्ये कळायचं. सरांच्या आधीचा कोच गाडीतून उतरायचाच नाही. एसी लावायचा, काच चार बोटं खाली, तेवढ्या फटीतून कोचिंग. गोल खाल्ला की काच वर! मीही तेव्हा आमच्या गाडीत बसूनच बघायची. सर आले आणि पहिल्याच आठवड्यात काचेवर टकटक. "वैनी, गाडीतनं मॅच दिसती, खेळ दिसत न्हाई. उतरा." उतरले, ती आजतागायत मैदानाकडेच्या बाकावर आहे. माझं फुटबॉलचं शिक्षण तेवढंच.

रमजानात अर्धी टीम रोज्यावर असायची. सर हिंदू, पण प्रॅक्टिसला पाण्याचा घोट घेत नसत. म्हणायचे, "पोरं कोरडी पळाय लागल्यात आनि मी तोंडाला बाटली लावू व्हय?" सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली की खेळ जागच्या जागी बंद. मी खजुराचा डबा घेऊन उभी असायची आणि सगळ्यांनी माझ्यासमोर रांग लावायची, रोजा असो नसो. पहिला खजूर गोलकीपरला. का? "बाकीची धा जणं एकमेकांत असत्यात. त्यो एकटाच हुबा असतो."

आता फायनलचं ऐक. तुला तेव्हा चपलेचे पट्टेसुद्धा लावता येत नव्हते.

त्या वर्षी रमजान थंडीत होता. मॅच अजानच्या आधी संपायची होती, पण आधीची मॅच लांबली आणि आमची उशिरा सुरू झाली. समोरच्या कॉलेजचा कोच कायम टाय लावायचा. आम्ही त्याला टायवालाच म्हणायचो. तो स्वतः चालत सरांकडे आला. म्हणाला, "अजान होते ही बॉल बाहर. दो मिनट सब रुकेंगे. ज़बान देता हूँ, सर." हात मिळवले दोघांनी. माझ्यासमोर, हातभर अंतरावर. जाताना माझ्या डब्यातला एक खजूर उचलून त्याने खिशात टाकला. रेफ्रीला सांगून ठेवावं हे सरांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्याकडे कोल्हापुरात पेठेच्या मैदानावर माणसाने शब्द दिला की तो रेफ्रीचाही बाप.

अजान झाली. आमच्या पोराने चेंडू बाहेर मारला. उस्मान नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी माझ्याकडे पळत आला. खजूर त्याच्या ओठाला लागला असेल नसेल, तोच मागून आवाज आला, "प्ले! प्ले!" तो टायवाल्याचा होता. त्यांच्या पोरांनी थ्रो घेतला आणि चेंडू आमच्या रिकाम्या गोलात नेऊन ठेवला. रेफ्रीने शिट्टी मुळी वाजवलीच नव्हती. गोल धरला. त्याच गोलाने आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी मी तडक आमच्या कॉलेजच्या स्पोर्ट्स मॅनेजरच्या ऑफिसात. म्हटलं, ज़बान माझ्यासमोर दिली होती. तो हसला. "आंटी, ये फुटबॉल है, आपके घर की इफ्तार नहीं." त्याला उस्मानला टीममधून काढायचं होतं. खेळतो म्हणून त्याची फी माफ होती. टीम सुटली असती तर कॉलेजही सुटलं असतं. सर एवढंच म्हणाले, "गोल सोडायला मी सांगितलं. चूक माझी." टायवाल्याचं नाव नाही, काही नाही. मी खूप भांडले त्यांच्याशी. तर म्हणाले, "मी बोललो की म्हणतील, हरल्यावर रडतोय. आनि मान कुणाची तरी धरणारच. माझी धरू दे. आनि वैनी, घरात बोलू नका. तेजूची आई त्या टायवाल्याच्या दारात जाऊन बसंल." म्हणून तुझ्या आईलाही हेच ठाऊक होतं, की नवऱ्याची चूक झाली. आता सर देवाघरी गेले. माझ्या तोंडाला लावलेलं कुलूपही गेलं.

सरांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. खलास. आणि त्यांच्या जागी हेड कोच कोण आणला? टायवाला! पहिल्याच दिवशी बाकाशी येऊन मला विचारतो, "आंटी, खजूर नहीं लाईं?" मी म्हटलं, "वो ज़बानवालों के लिए था." तो हसला. अशा माणसांना हसायला फार छान येतं. त्याने कप आणले, खोटं कशाला बोलू? बोर्डावर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. मी जाऊन पाहून आले. काचेच्या फटीतून कोचिंग करणाराही आहे! त्या दोघांच्या मध्ये तुझ्या बाबांचं नाव हवं होतं, तिथे बोटभर मोकळी जागासुद्धा ठेवलेली नाही.

तुम्ही गावी परत निघालात तेव्हा एअरपोर्टवर कॉलेजचं कुत्रंही नव्हतं. आम्ही दोघं आणि बॅगा उचलायला उस्मान. तू बाबांच्या खांद्यावर झोपलेली. जाताना सर म्हणाले, "मॅच बघाय जात जावा वैनी. पोरांचा काय दोष?" म्हणून जात राहिले गं. पोरांसाठी टाळ्या वाजवायच्या आणि हात वर करून त्या घ्यायचा टायवाला. इतकी वर्षं गिळलंय ते.

आता आमचंही आवरायचं चाललंय. तुझ्या खालूंची नोकरी संपते आहे. थंडी सरली की रत्नागिरी. आयुष्य इथे काढलं, पण व्हिसाचा कागद संपला की कुणाचंच नाव राहत नाही इथे.

सत्काराला जाऊ नकोस, मीही जाणार नाही. रमजान लागला की पहिल्याच शुक्रवारी माझ्याकडे ये. उस्मान हल्ली उम्म सलाल मोहम्मद गावात टायरच्या दुकानात असतो, तोही येणार आहे. त्याला तुझ्याशी बोलायचंय. कोल्हापुरीत बोलतो अजून, तुझ्यापेक्षा बरी. माझ्या हातचा पहिला खजूर तो त्या फायनलपासून घेत नाही. "आधी सर," म्हणतो, आणि डबा माझ्याकडे परत ढकलतो. तेव्हा दुखानहून जरा लवकर निघ आणि अजानच्या आधी पोच. बाबांच्या वाटचा पहिला तू घे बाई, म्हणजे दुसरा तरी तो घेईल.