गाठ माझी होती

गूळ करायच्या दोन काहिली शेजारी ठेवून वरून बाभळीच्या फळ्या आवळलेल्या, मधोमध काठी, आणि काठीला गाडीच्या जुन्या पालाचं शीड. परंड्याकडच्या नव्या तलावातली आमची सरकारी नाव ती. शिडाची कल्पना कोकणातून बदलून आलेल्या ओव्हरसियरची. बाकी कुणी समुद्र पाहिला नव्हता.

मी तेव्हा नवा कारकून. पाण्याखाली गेलेल्या जमिनींच्या याद्या घेऊन पलीकडच्या गावी जायचो. निजामाचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, तरी कागदांचा बस्ता लाल फडक्यातच बांधायचा आणि वर निरगाठ मारायची.

नाव एक भोई चालवायचा. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला अरेतुरे करायचो, तो मला सायब म्हणायचा.

शीड चढवताना तो मोटेचा जुना नाडा ओढायचा. काठीच्या टोकाला बसवलेलं आडाचं चाक कुरकुरायचं, कापड हात-हातभर वर जायचं. मग नाड्याला खालच्या खुंटीवर दोन वेढे आणि सुरगाठ. उतरवताना गाठीचं शेपूट ओढलं की शीड आपल्या वजनानं खाली यायचं.

"एका हातानं सुटंल अशी गाठ पायजे सायब," तो म्हणायचा. "दुसरा हात जीव धरायला लागतोय."

एकदा उन्हाळ्यात मी म्हणालो, आज गाठ मी मारतो.

"मारा की. पर सुरगाठ मारा."

"मला शिकवू नकोस."

तो वल्हं धरून मागं वळला आणि माझे हात सवयीनं चालले. बस्त्याला मारतो तशी निरगाठ, वर आणखी एक. मला कळलं होतं. सोडून परत मारायची लाज वाटली.

अर्ध्या पाण्यात असताना काठावरून धुळीची वावटळ आली. "शीड उतरवा," तो ओरडला. मी शेपूट शोधायला लागलो. शेपूट नव्हतंच. ओला नाडा आवळून लाकडासारखा झालेला.

"दोन्ही हात लावा सायब."

माझ्या एका हातात बस्ता होता. तो मी सोडला नाही. एवढंच सांगायला इतकी वर्षं लागली.

वल्हं टाकून तो आला. नाडा सैल करायला त्यानं वेढ्याखाली बोटं घातली, आणि तेवढ्यात शिडात वारा भरला. वेढा आवळला. दुसऱ्या हातानं कमरेचा विळा घेऊन त्यानं नाडा कापला, शीड आमच्या अंगावर पडलं. काठाला लागलो तेव्हा बोटं काळी पडली होती. दवाखान्यात दोन काढावी लागली.

चौकशी झाली. गाठ कुणाची, असं वरच्या साहेबांनी विचारलं. भोई हाताला फडकं गुंडाळून माझ्या शेजारीच उभा होता.

"त्याची," मी म्हणालो.

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. "सायब सांगत्यात तसं," तो म्हणाला. नाव दुसऱ्याकडं गेली.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "कागद भिजलं न्हाईत न्हवं?"

मी मान हलवली. न्हाईत.

बरीच वर्षं गेली. बदली होऊन निघालो, तर परंड्याच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवायला तोच. तीन बोटांचा हात. मी पहिल्यांदाच त्याला तुम्ही म्हणालो. "जपून बांधा, तुम्ही."

"आत कागद हाईत का?"

"नाही. कपडे."

"मग भिजलं तरी चालतंय," म्हणत त्यानं दोर आवळला.

माफी मागायची तर तेव्हाच होती. खिडकीतून मी त्याच्याकडं बघत राहिलो, तो पुढच्या गाडीकडं गेला. कुर्डुवाडीला हमाल मिळाला नाही, म्हणून मीच टपावर चढलो. शिडीचा दांडा एका हातानं धरला, दुसऱ्यानं दोराचं शेपूट ओढलं. गाठ लगेच सुटली.