साडेदहाची लाइट आणि गायकवाड काकांची बोटं

गोडाऊनात उतरलेला माल चार दिवसांत पुढे जातो. किस्से मात्र एकदा उतरले की तिथेच राहतात, त्यांचा गेटपास कुणी काढत नाही. वळ गावातल्या आमच्या गोडाऊनात दोन वर्षं मी कॉम्प्युटर सांभाळतेय. एवढ्यात इतके साठलेत की कुणी चहाला बसलं की मी एकेक बाहेर काढते. आजचे सगळे एकाच कॉम्प्युटरचे आहेत, डिस्पॅचच्या टेबलावरच्या.

*

त्या टेबलावर बसतात गायकवाड काका. वळचेच. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले. सकाळी आठला ट्रक लागतात, काकांनी गेटपास काढून दिला की ट्रक हलतो. गेल्या वर्षी पाऊस संपता संपता गेटपास निघेनासे झाले. ट्रकांची रांग पार नाक्यापर्यंत.

आमचे मॅनेजर पाटील साहेब एक दिवस टेबलाजवळ आले. "काका, तुमचा स्पीड कमी झालाय. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर एक तारखेपासून अंजूरच्या गोडाऊनला गेटवर बसा, गाड्यांचे नंबर लिहायला."

साहेब गेल्यावर काका स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "जड झाली असतील."

मला असा संताप आला. माणसाचं वय, श्रमाची प्रतिष्ठा, यंत्राने माणसासाठी असायचं की माणसाने यंत्रासाठी, यावर मी तिथेच अर्धा तास बोलले. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? मग आता तेवढे कागद भर प्रिंटरमध्ये."

*

भाषणाने गेटपास निघत नाहीत, म्हणून मी कॉम्प्युटर तपासायला घेतला. पण सकाळी मी अंजूरच्या गोडाऊनातली कामं आटपून अकराला वळला पोचते, आणि अकरा वाजता हा कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा वागायचा. टिचकी मारली की खिडकी उघडी.

"काका, चांगला चाललाय की."

"तू आलीस की चालतो. सकाळी न्हाय चालत."

पाटील साहेबांचं निदान तयार होतं. "कॉम्प्युटर आठलाच जागा होतो गं. काका अकराला होतात."

*

आमच्याकडे माल चढवण्याचं काम इरफानभाई बघतात. त्याआधी वीस वर्षं त्यांनी पॉवरलूमवर काढलेली, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र त्यांच्या हिशेबी लूमच. कॉम्प्युटर सकाळी अडतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मॅडम, लूम भी सुबह ठंडा रहता है. थोडी देर खाली चलाओ, फिर माल डालो."

मी त्यांना प्रोसेसर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चित्र काढून. त्यांनी मान डोलावली, आत गेले आणि तेलाची बुधली घेऊन आले.

"दो बूंद. सिर्फ पंखे में."

बुधली मी जप्त केली. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

*

मग दसरा आला. आमच्याकडे वजनकाट्यापासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांची पूजा होते. साहेबांनी कॉम्प्युटरलाही स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घातला, अगदी हवा बाहेर फेकणाऱ्या जाळीवरून घट्ट गुंडाळून. दोन दिवसांनी मी तो काढायला गेले, तर खाली जाळीवर महिन्यांची धूळ. गुन्हेगार सापडला म्हणून मी खूश. गरम हवा बाहेरच पडत नाही, तापतो, म्हणून मंद होतो.

साहेब म्हणाले, "देवाचा हार तुझ्या मशीनला सोसत नाही, काकांना माऊस सोसत नाही. तुमचं दोघांचं चांगलं जमेल."

हार निघाला, जाळी पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग पुन्हा नाक्यापर्यंत. मग मी व्हायरस शोधला, रॅम बदलून बघितली, साहेबांकडे नवीन डिस्क मागितली.

"आण ना," साहेब म्हणाले. "एक तारखेनंतर. नवीन माणसाला."

*

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी मी काकांच्या टेबलापाशी डोकं धरून बसले होते. इरफानभाई चहा ठेवत म्हणाले, "मॅडम, हंसना मत. साढ़े दस को लाइट जाके आती है ना, उसके बाद ये मशीन भागती है."

मी हसले नाही. मला माझीच लाज वाटत होती. साडेदहाची लाइट रोज जाते, मी रोज अकराला येते, आणि बॅटरी मेलेला यूपीएस कधीपासून बदलायचा राहिलाय. म्हणजे लाइट गेली की हा कॉम्प्युटर पूर्ण बंद पडतो आणि नव्याने चालू होतो.

"काका, रात्री कॉम्प्युटर बंद कसा करता?"

काकांनी स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला कागद दाखवला. साहेबांच्या अक्षरात: 'कॉम्प्युटर बंद करू नये. हायबरनेट करावे. हुकुमावरून.' म्हणजे बंद न करता आहे तसा झोपवायचा. त्याच पावसाळ्याच्या शेवटी कुणाचीतरी यादी बंद करताना उडाली होती, तेव्हाचा हुकूम.

मी तिथेच हायबरनेट करून पुन्हा उठवला आणि प्रोसेसरचा वेग दाखवणारी खिडकी उघडली. तीन गिगाहर्ट्झच्या पुढे धावणारा गडी पाऊणवर रांगत होता. झोपेतून उठताना झोपेतला मंद वेग तसाच धरून बसायचा, सोडायचाच नाही. पूर्ण बंद केला, प्लग काढला, बटण दाबून तीस मोजले, चालू केला. तीनच्या पुढे.

मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कायमचा उपाय मी करीन, पण आधी हुकूम बदला, असं मी म्हणाले.

"म्हणजे काकांचा स्पीड कमी, त्याला माझा कागद जबाबदार?" साहेब म्हणाले. "उद्या सकाळी मी स्वतः बसतो त्या खुर्चीवर. बघू किती वेळ लागतो."

*

एक तारखेला मी अंजूरला न थांबता आठलाच वळला हजर. चौदा ट्रक लागलेले. रात्री साहेबांनी हुकुमाप्रमाणे कॉम्प्युटर हायबरनेट केला होता. सकाळी बाह्या सरसावून बसले.

पहिला गेटपास उघडायलाच दहा मिनिटं. साहेबांनी माऊस आपटला. माऊसपॅड बदललं. चष्मा पुसला. बाहेर हॉर्न सुरू झाले. पाऊण तासात दोन ट्रक.

मी सांगायला तोंड उघडलं. काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

"साहेब," काका म्हणाले, "चहा घेऊन या. तवर मी बघतो."

साहेब उठले. ते दाराबाहेर गेल्यावर काकांनी कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, प्लग काढला, बटण दाबून धरलं आणि हळू आवाजात तीस मोजले.

साहेब परत आले तेव्हा बाराही गेटपास प्रिंटरमधून निघाले होते आणि इरफानभाई शेवटच्या ट्रकला हात दाखवत होते. साहेब कधी कॉम्प्युटरकडे बघत होते, कधी काकांच्या बोटांकडे.

"काका, हे कसं केलंत?"

काकांनी साहेबांच्या हातातला एक चहा घेतला आणि फुंकर मारली.

"अनुभव हाय, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "बघ. हे कॉलेजात शिकवत नाहीत."