आईच्या खडूसारख्या गोळ्या

वडील गेले आणि माधवनगरच्या घरात आई एकटी राहिली. मी साताऱ्याला सरकारी कचेरीत नोकरीला. शनिवारी सांगलीची एसटी धरायची, रविवारी संध्याकाळी परतायचं. नव्वदनंतरची ती वर्षं बहुतेक अशीच गेली.

एका हिवाळ्यात आई न्हाणीत घसरली, मनगट मोडलं. दुपारी शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा कुठं कुणाला कळलं. तोवर ओल्या फरशीवर बसून हाका मारमारून आईचा घसा बसला होता.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी काही महिने कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला सांगितलं. ते महिने सरले तरी आई दुकानातून आणून खातच राहिली. त्या खडूसारख्या गोळ्या ती येताजाता चघळायची. शिवाय जळजळीवर पित्ताच्या गोळ्या. त्यांतही कॅल्शियमच असतं, हे आम्हाला कुठं ठाऊक?

"आई, किती खातेस गं?" मी एकदा म्हटलं.

"आगं, हाडं बळकट नकोत व्हय? पुन्यांदा पडले तर उचलायला कोन हाय हितं?"

मी पिशवी उचलून परतीची एसटी गाठली.

पुढं तिची भूक गेली. तहान भागेना, पोट साफ होईना. बोलताना शब्द हरवायला लागले. नातेवाईक म्हणाले, "एकटी बाई, मन लागत न्हाई तिचं." मलाही तेच वाटलं. मग एका शनिवारी तिनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कोन पायजे?"

तशीच रिक्षात घालून तिला सांगलीला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं मागवली, रक्त तपासलं.

"कॅल्शियम फार वाढलंय. मूत्रपिंडावर ताण आलाय, डोक्यातला गोंधळही त्यामुळंच."

"पण ती तर हाडांसाठी घेत होती."

"चांगली वस्तूही मापाबाहेर गेली की बाधते, ताई."

गोळ्या बंद झाल्या, सलाइन सुरू झालं. मी खाटेशी बसून राहिले. काही दिवसांनी सकाळी आईनं डोळे उघडले. "कवा आलीस? कचेरी न्हाई व्हय आज?" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

मूत्रपिंड पहिल्यासारखं झालंच नाही, तपासण्या कायमच्या मागं लागल्या. मी तिला साताऱ्याला घेऊन आले. पण मी दिवसभर कचेरीत आणि शेजारपाजारची दारं बंद. संध्याकाळी मी घरी येईपर्यंत तिनं कुणाशी शब्दही बोललेला नसायचा.

"मला घरी सोड," एक दिवस म्हणाली. "तितं रस्त्यावरनं जानारी मानसं तरी वळखीची हायत."

सोडलं. शेजारणीची विधवा सासू रात्री तिच्याकडं झोपायला येऊ लागली. दोघी एकत्र जेवायच्या, भांडायच्याही. साताऱ्यात मी स्टोव्हवर एकटीपुरता भात टाकायचे, तेव्हा आई तरी एकटी जेवत नाही, तेवढं एक बरं वाटायचं.