अर्धी राहिलेली वेल

ती फिर्याद आठवली की आजही मस्तकात तिडीक जाते, आणि पहिली शिवी मी स्वतःलाच देतो.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच तिशीतली एक मुस्लिम बाई मोबाइल पुढं धरून उभी राहिली. लग्नकार्यात मेंदी काढायचं काम करायची. मोबाइलमधल्या चित्रफितीत तीच होती. हात बांधलेले, रडवेली, आणि कॅमेरा सारखा तिच्या मेंदीच्या अनवाणी पायांवर. कपडे मात्र अंगभर. पायांचं वेड असणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी असला माल बनतो, हे मला त्या दिवशी कळलं.

“साहेब, ही मी न्हाय. मशीननं बनवलंय. सासू म्हणती, फीत खोटी हाय असा पोलिसाचा कागद आण, न्हायतर पोरगी इथं ठेव आन् माहेरी जा.”

असा कागद द्यायची पद्धत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालाला महिने लागतात. मग मी शहाणपणा केला. पंचनाम्याचे फोटो काढायला आम्ही वर्षानुवर्षं ज्याला बोलवायचो, त्या फोटोवाल्याला बोलावून घेतलं. चहा पाजला, फीत दाखवली. त्यानं दोनदा मागंपुढं करून पाहिली आणि छातीठोकपणे सांगितलं, “शंभर टक्के खरी हाय, साहेब. सावल्या बघा की!”

आणि मी, तीस वर्षं वर्दी घातलेला माणूस, तेच त्या बाईला तोंडावर सांगून मोकळा झालो.

ती रडली नाही. “परत लावा,” म्हणाली. पायांपाशी फीत थांबवायला लावली.

“डाव्या पायाची वेल टाचेजवळ तुटलीय, बघा. नणंदेच्या निकाहला कळंबला माझ्याच पायावर काढत होते. तेवढ्यात वरात आली, अर्धीच राहिली. दुसऱ्या दिवशी पुरी केली. अर्ध्या वेलीचा फोटो एकानंच काढलाय, साहेब. तो आत्ता तुमचा चहा पिऊन गेला.”

तिनं माझ्या कानाखाली जाळ काढला असता तरी ते कमीच ठरलं असतं.

तासाभरात पंच घेऊन स्टुडिओवर गेलो, संगणक जप्त केला. लग्नाचा तो फोटो त्यात होता, आणि इतर लग्नांमधल्या बायाबापड्यांचे पायही वेगळे काढून ठेवलेले. चौकशीत हा बहाद्दर जराही ओशाळला नाही.

“साहेब, एक कपडा तरी निघालाय का? कुणाला हात तरी लावलाय का? ती बाई खरी न्हायच, मग गुन्हा कसला?”

“मग मला खरी म्हणून का सांगितलंस रे?”

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं कबूल केलं.

पण अश्लीलतेचं कलम लावायला गेलो, तर सरकारी वकीलही विचारतात, “यात उघडं काय आहे?” शेवटी ओळख चोरल्याच्या कलमावर दोषारोपपत्र पाठवलं. काय म्हणावं याला! आपण कपडे मोजत बसतो, बाईला विचारलं होतं का हे कुणी विचारत नाही. कुणाला कसलं वेड असावं याच्याशी मला कर्तव्य नाही. कल्पनेतली बाई काढा नाहीतर परी काढा. पण जित्या बाईचा चेहरा घेतला, तिचे पाय घेतले, तर तिची लेखी संमती पाहिजे, फितीवर ‘बनावट’ असा ठसठशीत शिक्का पाहिजे, आणि तो पुसणारा गजाआड पाहिजे.

कागद मी दिला. पद्धत गेली खड्ड्यात. भरदुपारी वर्दीत तिच्या घरी गेलो, सासूला वाचून दाखवला आणि तिच्याच हातात ठेवला. पोरगी आईजवळ राहिली. ओळखीच्या माणसाचं मत म्हणजे पुरावा नव्हे, आणि फिर्यादीचं पुरतं ऐकून घ्यायच्या आत चहा मागवू नये, एवढं मी नोकरीच्या शेवटी शिकलो.

फोटोवाला जामिनावर सुटला. स्टुडिओ सुरू आहे.

पुढं माझ्या मुलीच्या लग्नात मेंदीला मी त्याच बाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत सुरेख रंगवले. मग मुलीनं हौसेनं पाय पुढं केले, तसा त्यांनी मेंदीचा कोन खाली ठेवला.

“पायाला मी आता काढत न्हाय, बेटा.”

माझी मुलगी कोऱ्या पायांनी बोहल्यावर चढली.