गेममध्ये नसलेली बाई

नांदगाव पेठेला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कामावरची एक मुलगी रोज माझ्या शेजारी बसते. दोन वेगळ्या गेममधले लढवय्ये एकमेकांशी भिडतात, असा एक जुना व्हिडिओ गेम ती अकोल्याला बहिणीबरोबर खेळायची. त्यात आता नवं काही येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी डाउनलोड करून त्यात आणखी कोणता लढवय्या घ्यायला हवा ते ती रोज सांगते, हवेत ठोसे मारून दाखवते.

काल म्हणाली, “एक बाई पाह्यजे. ओढणी कमरेले खोचून येते, हरली तरी हासते.”

“ही कोणत्या गेममधली?”

“कोणत्याच नाई. माही बहीण हाय. लगन झाल्यापासून फोन बी उचलत नाई.”

“तिचा डाव कोणता?” मी विचारलं.

“मांगून येऊन डोळे झाकते,” ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.