ती बसली की सेल्फ नुसताच फिरायचा

या सदरातले अनुभव मी चहा पिताना हसायला म्हणून वाचतो. पांढरी साडी, पैंजण, मागच्या सीटवर अचानक आलेली बाई... लिहिणाऱ्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. गाडी बंद पडते ती वायरनं, पेट्रोलनं नाहीतर मालकाच्या आळसानं. चौथं कारण नसतं! सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे, डिप्लोमा केलाय, आणि लिंबू-मिरची बांधून गाडी आणणाऱ्यांची मला मनापासून कीव येते. तरी हे लिहितोय. हसायचं तर हसा.

मागच्या उन्हाळ्यातली भर दुपार. समोरच्या चहाच्या टपरीवर थांबलेली एक जुनी पेट्रोल व्हॅन लोकांनी ढकलत माझ्या दारात आणली. मालक मैंदर्गीचे मल्लिनाथअण्णा. आत त्यांची लग्न झालेली मुलगी, शिवलीला.

"मैंदर्गीपास्नं हितवर झकास आली की," अण्णा म्हणाले. "चहा प्यालो अन् बंद. नजर लागली बघा कुणाची तरी."

"नजर नाही, मेंटेनन्स नाही," मी म्हणालो.

सेल्फ मारला. जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत — पण इंजिन पकडेना. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून शिवलीलाला उतरवलं. प्लग काढून बघितला. ठिणगी कडक, निळी. पेट्रोलही येत होतं. प्लग बसवला, सेल्फ मारला... गाडी चालू!

"प्लग लूज होता," मी ऐटीत सांगितलं.

शिवलीला आत बसली. इंजिन बंद. पुन्हा नुसताच सेल्फ.

सीटखाली वायर दबत असणार, दुसरं काय! मग तिच्या जागी अण्णांना बसवलं. तिच्या दुप्पट वजनाचा माणूस — गाडी चालू. तिला मागं बसवलं — बंद. तिचा मोबाईल, पिशवी बाहेर ठेवली, तरी बंद. मी घामाघूम झालो. अण्णा तिच्यावरच खेकसले, "सुम्निर!" कानडीत गप्प बस म्हणायचं. आल्यापासून एक शब्द न बोललेल्या मुलीला!

"निघालाय कुठं?" मी विचारलं.

"वेळापूरला, हिच्या सासरी. जावई जरा हात उचलतो, पर संसारात चालायचंच की."

तिच्या मनगटाजवळ भाजल्याचा डाग होता. या गृहस्थांबद्दल मला काय वाटलं ते इथं छापता येणार नाही. पण दोष व्हॅनचाच आहे, पोरीचा नाही, हे सिद्ध केल्याशिवाय मला राहवेना.

"चला, माझ्या गाडीतनं एसटी स्टँडवर सोडतो."

माझी गाडी मी रोज चालवतो. त्या सकाळीही तिच्यातूनच आलो होतो. शिवलीला मागं बसली, मी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला... फिरतच राहिला.

माझ्या अंगावर काटा आला. खाली उतरून म्हणालो, "अण्णा, पोरीला घरी न्या."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांना म्हणावं, या आणि गाडी चालू करून दाखवा."

अण्णांनी मुलीकडं बघितलं. मग आवाज एकदम खाली आला. "चल बाळ, घरला जाऊ."

ती व्हॅनमध्ये बसली. पहिल्याच सेल्फला गाडी चालू. नंतर माझीही.

कॉइल, रिले, वायरिंग, ऊन... अण्णांची व्हॅन पुन्हा मागवून दोन्ही गाड्या मी नंतर तपासल्या, तेव्हा कॉमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका. कारण अजून सापडलेलं नाही. सापडेल असंही वाटत नाही.

निघताना खिडकीशी वाकून मी तिला विचारलं होतं, "तू काही केलंस का गं?"

"मी काय करणार काका? दवाखान्यात जायचंय म्हणून आणलं होतं मला. वेळापूरचं नाव अण्णांनी टपरीवर काढलं. तवापास्नं मनातल्या मनात नुसतं नको, नको म्हणत होते. घरात तोंडानं म्हणत होते की... तवा कुणी ऐकलं न्हाय."